प्रवासातील बरणीपानविधी

बरणी आणि पेला या दोन्ही वस्तू काचेच्या असू शकतात, दोन्हींना एकच तोंड असते आणि मोरीत हातातून निसटल्यास दोन्ही सारख्याच तत्परतेने फुटतात. तरीही त्यांचे स्वभावधर्म परस्परविरुद्ध आहेत आणि हे ध्यानात न घेता जो प्रवासी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चहा भरून घराबाहेर पडतो, त्याचा सदरा पहिल्या गतिरोधकापाशीच या विषयातला पहिला धडा शिकतो. आतला पदार्थ बाहेर येऊ नये यासाठी बरणी घडवलेली असते आणि तो विनासायास बाहेर यावा यासाठी पेला. प्रवासातल्या पात्राने मात्र वाहन चालू असेपर्यंत बरणी राहावे आणि तहान लागताच पेला व्हावे, अशी अपेक्षा असल्यामुळे या शास्त्रातला सगळा खल काचेविषयी नसून झाकणाविषयी आहे. प्रस्तुत विवेचनात अशा बरणीस 'पेयबरणी' आणि तिच्यातून पिण्याच्या क्रियेस 'बरणीपान' म्हटले आहे. त्यातील 'पान' हे चुना-काताचे नव्हे, एवढा खुलासा पुरे.

या विद्येचा इतिहास फ्रान्समधून सुरू होतो. मिठाई बनवण्याच्या धंद्यातल्या निकोला आपेर याने अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट मारून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत शोधली आणि १८१० साली त्याबद्दल सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले; अशा बाटलीतले अन्न का टिकते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते, ते कळण्यासाठी जगाला लुई पाश्चरपर्यंत थांबावे लागले. पुढची पायरी अमेरिकेतील जॉन लँडिस मेसन या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराची. त्याने काचेच्या गळ्यावरच आटे पाडण्याची, म्हणजे स्क्रूवर असतात तशा चढत्या वळशांच्या कडा उमटवण्याची युक्ती काढली आणि ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तिचे पेटंट घेतले. झाकण 'ठेवायचे' नसून 'फिरवायचे' असते, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट तेव्हापासून घरोघरी रुजली. पेटंटची मुदत १८७९ मध्ये संपली, इतर कारखानदारांनी बरण्यांवर मेसनचे नाव आणि ती तारीख कित्येक वर्षे बिनदिक्कत उठवली, इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी बॉल बंधूंचा काचकारखाना त्याच बरणीवर भरभराटला आणि मेसन स्वतः १९०२ साली दारिद्र्यात वारला. त्याचे नाव जगभर झाले ते काचेवर, बँकेच्या पासबुकावर नव्हे.

अमेरिकेतल्या या बरणीचे झाकण दोन तुकड्यांचे असते : एक सपाट चकती, जिच्या कडेला आतून मऊ लेप दिलेला असतो, आणि ती चकती दाबून धरणारे एक आटेदार कडे. बरणीची तोंडे दोनच मापांची, साधे सुमारे ७० मिलिमीटरचे आणि रुंद सुमारे ८६ मिलिमीटरचे. आणि या शिस्तीमुळेच तिथे बरणीचा पेला होऊ शकला, कारण चकती काढून तिच्या जागी त्याच मापाची दुसरी कोणतीही वस्तू बसवता येते. २०१२ साली बॉस्टनच्या परिसरात 'कपाउ' नावाची पिण्याच्या चोचीची प्लास्टिकची चकती निघाली आणि आजीच्या कोठीतली बरणी नातवाच्या मोटारीतल्या पेल्याच्या खोबणीत जाऊन बसली.

मराठी घरातली परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे, कारण येथे बरण्या विकत घेतल्या जात नाहीत, त्या उरतात. जॅमची, मधाची, कॉफीची, छुंद्याची, अशा निरनिराळ्या घराण्यांतून आलेल्या बाटल्या ओट्याखालच्या कप्प्यात एकत्र नांदतात आणि त्यांपैकी कोणत्याही दोघींचे झाकण एकमेकींना बसत नाही. बसल्यासारखे वाटते, अर्धा वळसा फिरते आणि तिरके अडकते. काचेविषयी या प्रांताला मुळात आस्था नव्हती असे मात्र कोणी समजू नये. माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने गोळा केलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचकारखाना उभा राहिला आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील पुढे खेडोपाडी लटकला. वर्गणी काढून काच तयार करणाऱ्या समाजाने रिकामी बाटली टाकून देऊ नये, यात नवल नाही. २०१८ च्या जून महिन्यात राज्यात प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या पेल्यांवर बंदी अमलात आली, तेव्हा पर्याय म्हणून काय वापरावे यावर परिसंवाद झाले. ओट्याखालच्या त्या कप्प्याला कोणी निमंत्रण दिले नाही.

पेयबरणीची निवड करताना प्रथम तिचे पूर्वायुष्य तपासावे. मधाची बरणी उत्तम कुळातली, जॅमची मध्यम आणि लोणच्याची संशयास्पद मानावी, परंतु यात दोष काचेचा नाही. काचेला सूक्ष्म छिद्रे नसल्यामुळे ती वास धरत नाही. धुतली की हिंग, मोहरी, मेथी सारे विसरते. विसरत नाही ते झाकण. त्याच्या आतल्या कडेला जो फिकट रंगाचा मऊ थर असतो तो प्लास्टिकच्या जातीचा असल्याने तेल शोषतो आणि तेलासोबत वासही आत मुरवतो, जसे लोणचे मुरते तसेच. असे झाकण सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून, लिंबाच्या सालीने घासून, दोन दिवस गच्चीवर उन्हात पालथे ठेवले तरी त्याखालच्या बरणीत भरलेल्या वेलचीच्या चहाला कैरीची एक पुसट आठवण येतेच. म्हणून बरणी लोणच्याची चालेल, झाकण मात्र निर्वासित नको, असा नियम जाणकार पाळतात. आणि त्याच मापाचे दुसरे झाकण मिळत नाही म्हणून तो मोडतातही. बाटलीवरचे लेबल गरम पाण्यात भिजवून निघते, त्याखालचा चिकट गोंद खोबरेल तेलाने निघतो आणि खोबरेल तेल साबणाने निघते, इथवर आले की बरणी निम्मी पेयबरणी झाली.

आता उष्णतेचा विचार. साध्या बाटल्यांची काच जिला सोडा-चुन्याची काच म्हणतात त्या जातीची असते. ती तापल्यावर प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. फ्रीजमधून काढलेल्या बरणीत उकळता चहा ओतल्यास आतला थर एकाएकी फुगू लागतो, बाहेरचा थर थंडच असल्याने त्याला जागा देत नाही आणि या भाऊबंदकीत फुटते ती काच. असे फुटणे बहुधा मोठ्या आवाजाचे नसते. 'टिच्' होते, बरणी उचलली जाते आणि तिचे बूड वाटोळे कापल्यासारखे ओट्यावरच राहते, चहासह. आतल्या-बाहेरच्या तापमानात चाळीस-पन्नास अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये, हा यावरचा ठोकताळा. बरणी आधी कोमट आणि मग गरम पाण्याने विसळावी, आत स्टीलचा चमचा उभा ठेवून चहा त्याच्यावरून संथ ओतावा आणि या सर्व तयारीला लागलेल्या वेळात गाडी चुकल्यास चहा घरीच बसून कपातून प्यावा.

चहा भरून झाकण घट्ट लावण्याच्या मोहाला बळी पडल्यास मात्र प्रवासी नकळत आपेरच्या पंगतीला जाऊन बसतो. झाकणाखालच्या पोकळीत हवेसोबत वाफ असते; चहा निवत गेला की वाफेचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण आत दाबू लागते. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटीमीटर भरते आणि वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो. आतला दाब निम्म्यावर आला, तरी झाकणावर एकोणीस किलोंचे, म्हणजे शाळकरी मुलाच्या वजनाचे, ओझे बसले असे समजावे. पुण्याहून निघताना सहज फिरलेले झाकण लोणावळ्यात हलत नाही, ते यामुळे. त्या वेळी डब्यात जे घडते त्याची पद्धत ठरलेली आहे : प्रथम मालक स्वतः जोर लावतो, मग रुमाल घेऊन लावतो, मग समोरचे गृहस्थ 'द्या इकडे' म्हणून हात पुढे करतात, त्यांचेही तोंड लाल झाल्यावर खिडकीजवळच्या आजी चमच्याचे टोक झाकणाच्या कडेखाली घालून किंचित उचकटतात, 'टक्' असा आवाज होतो, हवा आत जाते आणि बरणी निमूटपणे उघडते. आजींनी भौतिकशास्त्र शिकलेले नसते. त्यांनी मुरांबे केलेले असतात.

ताकाची गोष्ट निराळी. ताक थंड असल्याने काचेला धोका नाही, पण साईच्या दह्याचे दाट ताक तीन-चतुर्थांश बरणी भरून उपनगरी गाडीने नेल्यास, ठाणे ते मुंबई या ३४ किलोमीटरांत डबा रवीचे काम करतो आणि उतरताना बरणीत वर लोण्याचे कण आणि खाली पातळ ताक, अशी वाटणी झालेली असण्याचा संभव असतो. बरणी काठोकाठ भरल्यास आत हवा न राहिल्याने घुसळण होत नाही. मात्र काठोकाठ भरलेली बरणी उघडताच पहिला घोट मांडी घेते. दोन्ही पर्यायांपैकी लोणी कमी डाग पाडते. कोकम सरबत आणि पन्हे यांच्या बाबतीत इतकेच सांगणे आहे की आंबट आणि खारट यांच्या जोडीने पत्र्याचे झाकण कडेपासून गंजते, तेव्हा ती पेये बरणीत मुक्कामाला ठेवू नयेत.

प्रत्यक्ष बरणीपान हा या विद्येतला सर्वांत अवघड भाग आहे. पात्राला ओठ न लावता वरून पिण्याची रीत तांब्या-भांड्याच्या जगात सोयीची होती, कारण भांड्याची कड पातळ असते आणि धार एक पडते. बरणीचे तोंड रुंद, कड जाड आणि कडेखाली मेसनने पाडलेले आटे. वरून पिऊ जाता धार एक न पडता पडदा पडतो आणि त्याची रुंदी तोंडापेक्षा अधिक असल्याने उरलेला चहा नाक आणि हनुवटी यांच्यात समान वाटला जातो. ओठ लावून पिणाऱ्याचीही सुटका नाही, कारण प्रत्येक घोटानंतर थोडा चहा आट्यांच्या खोबणीत उतरतो, तेथे दबा धरून बसतो आणि झाकण लावताना बोटांवर येतो. दुसऱ्या दिवशी तोच साखरेचा चिकटा झाकण जागच्या जागी धरून ठेवतो. यावर उपाय म्हणून झाकणाला भोक पाडून नळी घालण्याचा प्रघात आहे. भोक खिळ्याने आतून बाहेर पाडावे, म्हणजे पत्र्याची धार ओठाकडे येते. बाहेरून आत पाडावे, म्हणजे ती पेयात राहते आणि गंजते. सुज्ञ माणसे कानशीने धार घासतात. हे सर्व केल्यावर जे पात्र हाती येते ते सांडत नाही असा लौकिक आहे, आडवे केले नाही तोवर.

गरम बरणी हातात धरता येत नाही आणि थंड बरणीला घाम फुटतो, म्हणून तिला वस्त्र नेसवणे आवश्यक ठरते. परदेशी बरण्यांना कातडी पट्टे आणि विणलेली जाकिटे मिळतात. येथे बाळाची जुनी कानटोपी बरणीच्या बुडाकडून चढवली असता ती नेमकी गळ्यापर्यंत येते, गोंडा खाली राहतो आणि बरणी टेबलावर किंचित डुलते. पायमोजाही बसतो, परंतु त्यातून पाहुण्याला सरबत देऊ नये. एस. टी.च्या प्रवासात बरणी पिशवीत कपड्यांच्या मधोमध उभी ठेवावी, पायाशी ठेवू नये, कारण घाटात ती पहिल्या बाकाखालून शेवटच्या बाकापर्यंत प्रवास करते आणि तिकीट मात्र काढत नाही. विमानाच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी हातातल्या सामानात १०० मिलिलिटरांहून मोठ्या पात्रातले पेय चालत नाही आणि मोजतात ते पात्र, आतले पेय नव्हे. तेव्हा तळाशी दोन घोट उरले आहेत हा युक्तिवाद वाया जातो आणि ते दोन घोट रांगेत उभ्या उभ्या संपवावे लागतात.

उकळत्या चहासाठी स्टीलचा थर्मास बरा, हा निर्णय या विषयातल्या सर्व प्रामाणिक अभ्यासकांना शेवटी द्यावाच लागतो. पाणी, ताक, सरबत आणि निवालेली कॉफी यांसाठी बरणीच्या तोडीचे फुकटचे पात्र दुसरे नाही. फुकटचे हा शब्दही जपून घ्यावा, कारण मराठी घरातली चांगली, जाड काचेची, झाकणासकट शाबूत असलेली बरणी बहुधा त्या घरची नसतेच. ती काकूंनी लिंबाचे गोड लोणचे देताना 'बरणी आठवणीने परत दे' असे बजावून दिलेली असते. तेव्हा या मार्गदर्शनाचा अवलंब करण्यापूर्वी वाचकांनी बरणीच्या बुडावर नेलपॉलिशने लिहिलेले नाव आहे का ते पाहावे आणि असल्यास ती स्वच्छ धुऊन, पुसून काकूंना पोचती करावी. रिकामी देऊ नये, मूठभर साखर तरी घालावी.