खांबातून सीक्यू

हॅम रेडिओवर माणसांनी काय बोलावं, याचा एक जुना आंतरराष्ट्रीय नियम मला फार आवडतो. बोलणं इतकं बिनमहत्त्वाचं असावं की त्यासाठी तार-टेलिफोनचा खर्च करणं कुणालाच पटू नये, असा त्याचा मथितार्थ. मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे तुमची परीक्षेची तयारी झालेलीच आहे."

हॅमच्या परवान्यासाठी परीक्षा मात्र द्यावी लागली. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. माझ्या शेजारी मिसरूड न फुटलेला एक मुलगा होता, पेपर देऊन उठताना त्याने मला "काका, जमतंय ना?" असं विचारलं. परीक्षेचे दर्जे दोन. वरच्या 'जनरल'ला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं, खालच्या 'रिस्ट्रिक्टेड'ला मोर्स नाही. मी अर्थातच खालचा. जनरलवाल्यांची कॉलसाइन साधारणपणे व्हीयू टूने सुरू होते, आमची व्हीयू थ्रीने. त्यामुळे मी नुसतं तोंड उघडलं तरी भारतभरच्या हॅमना कळतं, की या गृहस्थांना डिट-डा झेपलेलं नाही.

"मोबाइल असताना हे कशाला?" असं मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, आणि तेही मोबाइलमध्ये बघत. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेने हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले आणि अंदमानातल्या लोकांचे निरोप याच 'बिनमहत्त्वाच्या' रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचले. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की मी 'भारती' म्हटलं की बायको पुढचं वाक्य पुरं करते.

तर, कोकणात जाऊ या असं मीच सुचवलं तेव्हा तिला संशय यायला हवा होता. मला समुद्र हवा होता तो पाय बुडवायला नव्हे. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते. त्याच्या काठावर तार उभी केली तर तिच्यातून निघालेल्या लहरी क्षितिजालगत निघतात, आयनांबरावर आपटून खाली येतात आणि लांबचा पल्ला गाठतात. वीस मीटरच्या बँडला साधारण पाच मीटर तार पुरते. ती उभी धरायला जगभरचे हॅम मासे पकडायचा फायबरचा लांब गळ वापरतात. मीही तोच घेतला.

गुहागर तालुक्यातल्या एका गावात उतरलो. हेदवीचा दशभुज गणपती, बामणघळ, अंजनवेलचा गोपाळगड हे सगळं आम्ही पाहिलं. म्हणजे बायकोने पाहिलं आणि मला फोटो दाखवले. मी पुळणीवर गळ रोवून बसलेला. जाळं खांद्यावर टाकून चाललेला एक जण थांबला.

"काय गावलं?"

"इटली," मी म्हणालो.

त्याने माझ्या बॅटरीच्या खोक्यात डोकावून पाहिलं आणि काही न बोलता चालू लागला.

संध्याकाळी बँड असा काही उघडला की विचारू नका. सूर्यास्ताच्या सुमारास युरोप नुसता कानात ओरडत होता. मी हेडफोन चढवले, पन्नास वॅटवर सेट लावला आणि "सीक्यू, सीक्यू" सुरू केलं. म्हणजे, आहे का कुणी ऐकणारं? सुरूच्या बनापलीकडे देवळात नरसिंह जयंतीचं कीर्तन चाललं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचं मी बायकोकडून ऐकलेलं सांगतो. ती पहिल्या रांगेत होती.

बुवांचा पूर्वरंग झाला, आख्यान प्रल्हादाचं. हिरण्यकशिपूचा आवेश आणून बुवा गरजले, "बोल! या खांबात आहे का तुझा देव?" आणि मांडवाच्या खांबाला त्यांनी लाथेचा अभिनय केला. त्याच खांबावर माईकवाल्याने कर्णा बांधला होता.

खांब गुरगुरला.

पोरं किंचाळली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. बुवा मुरलेले, त्यांनी क्षणभरच डोळे विस्फारले आणि झांजवाल्याला खूण करून तो प्रसंग असा रंगवला की आयुष्यात रंगवला नसेल. पंचाईत पुढे झाली. हिरण्यकशिपूचं पोट फाडून झालं, प्रल्हादाने स्तुती केली, नरसिंह शांत झाला असं बुवांनी तीनदा जाहीर केलं, तरी खांब ऐकेना. गुरगुरायचा, थांबायचा, पुन्हा गुरगुरायचा. थांबायचा तेव्हा मी इटलीच्या हवामानाची चौकशी करून उत्तर ऐकत असायचो. हॅम लोक रेडिओवर धर्म आणि राजकारण कटाक्षाने टाळतात. मी भर कीर्तनात बोलत होतो. माईकवाल्याने माईक बदलला, अॅम्प्लिफायरला थापट्या मारल्या, शेवटी जोडणाऱ्या पोराला मारल्या.

बिचाऱ्याचा दोष नव्हता. कर्ण्यापर्यंत नेलेली लांबलचक वायर म्हणजे आयती अँटेना. जवळचा जोरदार सिग्नल तिच्यातून अॅम्प्लिफायरमध्ये शिरतो आणि आवाज होऊन बाहेर पडतो. सिंगल साइडबँडवरचं बोलणं असं बाहेर आलं की शब्द कळत नाहीत, नुसती तुटक गुरगुर उरते.

मांडवात एकाच माणसाच्या हे ध्यानात आलं. अण्णा उठले आणि म्हणाले, "हा नरसिंह नव्हे. हा कोणीतरी सीक्यू देतोय."

टॉर्च माझ्या तोंडावर पडला तेव्हा मी एका स्लोव्हेनियनला माझं नाव फोड करून सांगत होतो. अण्णांमागे निम्मं गाव. "आधी पॉवर खाली घ्या," ते म्हणाले, "आणि फेराइट आहे का जवळ?" होतं. माईकच्या आणि कर्ण्याच्या वायरींना फेराइटच्या कड्यांतून वेढे देऊन अण्णांनी देव शांत केला, तोवर आरती संपली होती.

अण्णा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. सगळं उपग्रहावर गेलं आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून बोटीवर मोर्स ऐकणारा माणूस ठेवायची गरज संपली. रात्री ते माझ्या सेटपाशी येऊन बसले. परवान्याशिवाय पाठवता येत नाही, ऐकायला हरकत नव्हती. त्यांनी बँडच्या खालच्या टोकाला काटा नेला, जिथे मी कधी फिरकत नाही, आणि कीर्तनाच्या पत्रकामागे लिहू लागले. डिट-डाच्या त्या पावसातून अक्षरं सुटी होऊन कागदावर उतरत होती.

"हा रशियन. हात चांगला आहे."

सव्वानऊला त्यांनी पेन खाली ठेवलं. मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी बोट वर केलं. दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांत पाचशे किलोहर्ट्झवर सगळ्या बोटी गप्प राहायच्या. लांब कुठेतरी एखादी बुडत असेल तर तिची क्षीण हाक ऐकू यावी म्हणून. रेडिओरूमच्या घड्याळावर तेवढे भाग लाल रंगवलेले असत. आता त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी हाक मारत नाही. हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अठराव्या मिनिटाला त्यांनी पेन उचललं.

सकाळी घावण्यांच्या वेळी हजर. परीक्षेची सगळी माहिती त्यांनी लिहून घेतली. "मिनिटाला आठ शब्द?" ते म्हणाले, "आठ? तेवढ्यात मी चहा पिऊन येईन." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही जनरलला बसा." चमचा घेऊन त्यांनी स्टीलच्या पेल्यावर वाजवायला सुरुवात केली. मी कपाळाला आठ्या घालून ऐकत होतो.

"क्यू," बायको म्हणाली, "आणि चटणी द्या इकडे."