‘सेट होईल’ असे सांगणाऱ्या गॅरेजमालकांस अनावृत पत्र

श्रीयुत गॅरेजमालक यांस,



आपल्या गॅरेजातून ‘एकदम टकाटक’ होऊन बाहेर पडलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीने काल सायंकाळी टिळक स्मारक मंदिरासमोर, नाटकास निघालेल्या सभ्य स्त्रीपुरुषांच्या देखत, कार्बोरेटरमधून असा काही बार काढला की, दिवाळीस अद्याप अवकाश असल्याचे आम्हांस मोठ्याने सुनावण्याचा मोह पदपथावरील एका वयोवृद्ध गृहस्थांना आवरला नाही. त्यानंतर दोन आचके देऊन गाडी निश्चल झाली, आणि पाठीमागे खोळंबलेल्या बसच्या चालकाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केवळ भोंग्याच्या साहाय्याने केला. या समारंभाचे सर्व श्रेय आपले असल्याने ते जाहीरपणे आपल्या पदरी घालावे, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

वस्तुतः गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिची फिर्याद अगदी किरकोळ होती. सकाळच्या गारव्यात चोक ओढून तिची थोडी मनधरणी करावी लागे, इतकेच. ‘संध्याकाळी घेऊन जा,’ असे आपण सांगितलेत. ती संध्याकाळ कोणत्या पंचांगातील, हे सांगण्याचे तेवढे राहून गेले. अखेर गाडी हाती आली तेव्हा सोबतच्या बिलात प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ‘कार्बोरेटर नवा’ आणि ‘लेबर’ अशी कलमे होती. आसनावर उमटलेले ऑइलचे पंजे आणि टाकीतून अंतर्धान पावलेले पेट्रोल यांचा आकार आपण लावला नाहीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. सदाशिव पेठेच्या उद्धटपणाची कीर्ती दिगंत आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्याकडील दुकानदार एक ते चार दुकान बंद राहील असे पाटीवर लिहितो आणि एकाच्या ठोक्याला खरोखरच बंद करतो. आपल्या मधुर वाणीपेक्षा तो लेखी उद्धटपणा आम्हांस शतपटीने सोयीचा वाटतो.

हे सर्व आम्ही गिळले असते. गिळता आले नाही ते आपले एक वाक्य. गाडी उभ्या जागी थरथरते, चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, पीयूसीवाल्याने तर यंत्राची नळी काढून घेऊन नुसती मान हलविली, अशी कैफियत घेऊन आम्ही जेव्हा जेव्हा आपल्या दारी उभे राहिलो, तेव्हा तेव्हा आपण, बॉनेट न उघडता, मोबाइलवरील दृष्टीही न काढता, ‘चालवत राहा काका, सेट होईल,’ असा आशीर्वाद दिलात. काय सेट होईल, महाशय? इंजिन म्हणजे का बरणीत मुरत घातलेले लोणचे आहे, की पंधरा दिवस झाकून ठेवले म्हणजे त्याला आपोआप चव यावी? आणि आशीर्वाद फळेना तेव्हा आपण निकाल दिलात, ‘काका, गाडीचं वय झालंय. काढून टाका आता.’

वय! वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, फिआट ११०० या इटालियन कुळातील ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तिच्या काळ्यापिवळ्या भगिनींनी अवघी मुंबई अहोरात्र वाहिली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांतील शेवटची सेवेतून उतरली ती सरकारने टॅक्सीस घालून दिलेली वयोमर्यादा संपली म्हणून, कोणा मिस्त्रीला तिचे पॉइंट लावता येईनात म्हणून नव्हे. आमच्या गाडीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाची, पहिली पंधरा वर्षे सरल्यापासून, दर पाच वर्षांनी आरटीओचा इन्स्पेक्टर तपासणी करतो आणि नोंदणीचे नूतनीकरण करून देतो. जे वय सरकारला दिसले नाही, ते आपणांस बॉनेट न उघडता दिसले.

आमच्या शेजारी दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी आज सकाळी बॉनेट उचलले, चष्मा कपाळावर चढविला, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीपासून प्लगपर्यंत एकेका वायरीवरून बोट फिरविले आणि विचारले, ‘हे कोणी केलं?’ या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. आपल्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या वायरींची अदलाबदल झाली होती. परिणामी पेट्रोलवायू दाबून सिद्ध होई तेव्हा तेथे ठिणगी नसे, आणि जळका धूर बाहेर जाऊन नव्या वायूसाठी झडप उघडू लागे नेमक्या त्या क्षणी ती पडे, म्हणून भडका उलटून कार्बोरेटरमधून बाहेर येई. चारांपैकी दोनच सिलिंडरांवर गाडी इतके दिवस आमचा भार वाहत होती. शेजाऱ्यांनी दोन वायरी उपटून जागच्या जागी बसविल्या. नंतर इंजिन चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी आम्हांस पंख्याकडे पाहावे लागले.

दुपारी हे सांगण्यास आम्ही आलो तेव्हा आपण काय केलेत? हाताखालच्या पोराला हाक मारलीत, चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या टाळक्यात हाणलीत आणि म्हणालात, ‘या गाढवानं केलं असणार.’ येथे उपरोध संपला. लाज वाटायला हवी होती तुम्हाला! त्या मुलाला हा क्रम कधी सांगितला होतात? वायर काढण्यापूर्वी तिच्यावर खूण करावी, एवढे तरी शिकवले होते? दिवसभर पाने आणून देणे, टायर काढणे आणि चूक निघाली की मार खाणे, हीच का त्याची उमेदवारी?

आमचा संताप अधिक अशासाठी की, आपणांस हे सर्व येत होते. गाडी अजून कोपऱ्यावर असतानाच तिच्या आवाजावरून टॅपेट ढिले झाल्याचे आपण सांगितलेले आम्ही स्वतः ऐकले आहे. आता नव्या गाड्या हमीच्या मुदतीत कंपनीच्या दारी जातात. हप्त्यावर घेतलेला आपला स्कॅनर टेबलावर प्लास्टिकच्या वेष्टनात पडून असतो. आणि आमच्यासारख्यांच्या गाडीत त्याची पिन खोचायला जागाच नसते. कान तयार होण्यास आयुष्य लागले, आणि त्या कानांना गिऱ्हाईक उरले नाही, हे दुःख आम्ही समजू शकतो. त्याची वसुली मात्र आमच्या कार्बोरेटरवर करू नये.

ज्या वर्षी आमची गाडी पद्मिनी झाली, त्याच १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली, आणि सेवेतील त्रुटीसाठी दाद मागण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे, हे केवळ माहितीसाठी. आमची मागणी अल्प आहे. निष्कारण बदललेल्या कार्बोरेटरची रक्कम परत करावी. त्या मुलास रविवारी सकाळी आमच्याकडे पाठवावे. शेजारी त्यास ठिणगीचा क्रम शिकविण्यास राजी आहेत. आणि आमचा जुना, निरपराध कार्बोरेटर परत द्यावा. तो भंगारात गेला असल्यास भंगारवाल्याचा पत्ता कळवावा, आम्ही तेथेही जाऊ.

कळावे.

आपला,
सदाशिव पेठेतील एक गाडीमालक