बारा तासांचं लिंबू

अत्तराच्या बाटलीवर लिहिलंय: लिंबाचा ताजा दरवळ, बारा तास. लिहिणाऱ्यानं मे महिन्यातल्या दुपारी दोनची बारामती–इंदापूर एसटी कधी पकडलेली दिसत नाही.

लिंबू-संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. तो हलका, अंगाची ऊब लागली की चटकन उडून जातो. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना घराण्याची पेढी सुरू झाली, तिचं लिंबूवर्गीय सुगंधी पाणी जगभर गाजलं. वास गेला की पुन्हा शिंपडायचं, एवढाच तिथला हिशोब. आता ‘टिकाऊ’ म्हणून जे विकतात त्यात कस्तुरीसारख्या नि लाकडी वासाची कृत्रिम द्रव्यं मिसळलेली असतात. लिंबू म्हणजे उद्घाटनाचे पाहुणे: फीत कापून निघून जातात, मांडव रात्रीपर्यंत सांभाळतात कार्यकर्ते.

खरा टिकाऊ वास आमच्याकडं फुकट मिळतो. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर नाहीतर भवानीनगरच्या कारखान्यावरून एक चक्कर मारा. मळीचा वास शर्टाला घरापर्यंत सोडायला येतो. जाहिरात नाही, सवलत नाही, तरी एकही तक्रार ‘वास लवकर गेला’ अशी नाही.

तरीही लिंबूच हवं असेल तर कातडीऐवजी कपड्यावर मारा. लिंबाच्या नि बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या साली दाबून काढलेल्या तेलात उन्हानं चेतणारी द्रव्यं असू शकतात; त्यांनी कातडी भाजते, काळे डाग पडतात. वास तासाभरात जाईल. बारा तासांचा शब्द डाग पाळतील, तोही व्याजासकट.