पतीचा सिंहाचा वाटा

'त्यांच्या यशात त्यांच्या पतीचा सिंहाचा वाटा होता.' दर वर्षी ३ जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सुमारास, 'थोर स्त्रियांचे जीवनकार्य' या विषयावरील प्रकल्पांचे जे गठ्ठे कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत परीक्षकांच्या टेबलावर येऊन आदळतात, त्यांत चरित्रनायिका कोणत्याही शतकातील, कोणत्याही धर्माची आणि कोणत्याही व्यवसायातील असो, शेवटून दुसऱ्या पानावर, जिलेटीनच्या वेष्टनातून आणि चमकीच्या लेपातून वाट काढीत हे वाक्य आपली हजेरी लावल्यावाचून राहत नाही. आणि जेथे ते असते तेथे समासात लाल शाईची प्रसन्न खूणही असतेच. (त्या चमकीविषयी आम्ही स्वतंत्र लेख लिहिणार आहोत. प्रकल्प चाळून आठवडा लोटला तरी ती चष्म्यावर, उशीवर आणि आमटीत सापडते.)

वाक्याचा उगम शोधण्यास फार श्रम पडले नाहीत. स्टेशनाबाहेर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड आणि तयार प्रकल्प एकाच छपराखाली पुरविणारी जी दुकाने असतात, त्यांच्या संगणकात एक मूळ मसुदा जतन केलेला असतो. गिऱ्हाइकाने नाव सांगावे, दुकानदाराने नाव आणि छायाचित्र तेवढे बदलावे आणि बाकीचा मजकूर कायम ठेवावा, असा हा बिनतक्रार व्यवहार आहे. तो मसुदा प्रथम सावित्रीबाईंसाठी तयार झाला असावा, आणि त्यांच्यापुरते ते वाक्य अगदीच खोटे नाही, कारण जोतीरावांनी पत्नीला शिकविले आणि १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. आनंदीबाई जोशींच्या बाबतीत ते अर्धे खरे आहे. गोपाळरावांनी बायकोला शिकविले आणि त्यापायी मारलेही, हे आनंदीबाईंच्याच पत्रांवरून दिसते, परंतु मसुद्यात त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी जागा ठेवलेली नाही. पुढे मात्र हिशेब बिघडतो. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. बाईंनी कारभार हाती घेतला तो १७६७ साली आणि चालविला तो १७९५ साली देह ठेवीपर्यंत. या एवढ्या अवधीत खंडेरावांनी आपला वाटा कोणत्या मार्गाने रवाना केला, याचा खुलासा प्रकल्पात नाही. लता मंगेशकर अविवाहित होत्या हे ज्या महाराष्ट्रात पोरासोरांनाही ठाऊक आहे, त्या महाराष्ट्रात त्यांच्या यशातही पतीला वाटा मिळालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आणि त्या अज्ञात गृहस्थाच्या भाग्याचा हेवा केला.

डॉक्टर रखमाबाईंपाशी मात्र आमचा संयम सुटला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने पुढे सासरी जाण्यास नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल बाईंच्या बाजूने लागला तर त्यावर अपील केले. आणि १८८७ साली न्यायालयाने पतीकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असा हुकूम दिला, तेव्हा बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेरीस १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला, बाई लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे आयुष्यभर बायकांवर उपचार केले. बायकोला कैदेत घालण्यासाठी चार वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या याच पतीला आमच्या विद्यार्थ्याने सिंहाचा वाटा बहाल केला असून, परीक्षकांनी त्यापुढे 'कौटुंबिक पाठिंब्याचा उल्लेख विशेष आवडला' असा शेरा मारून वीसपैकी अठरा गुण दिले आहेत.

आता हा वाटा नोंदवावयाचा कोणत्या दप्तरी? कर्जत-खालापूरच्या माणसाला वाटपाचे शास्त्र शिकवावे लागत नाही. द्रुतगती मार्ग झाला, मुंबईकरांना उल्हासकाठी फार्महाऊसची स्वप्ने पडू लागली, आणि ज्या वरकस जमिनीत नाचणीदेखील कंटाळून उगवत असे तिचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला, तेव्हापासून सातबारा, फेरफार आणि वारसनोंद हे शब्द येथील मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्यामुळे कीर्तीचाही सातबारा निघावा हे ओघानेच आले: कब्जेदार सदरी पतीचे नाव, इतर हक्कांत 'सदर बाई', पिकाच्या रकान्यात शाळा, दवाखाने, घाट आणि गाणी, आणि शेऱ्यात 'बाईंची हरकत नाही'. हरकत नाही! ही हरकत कशी नाहीशी होते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने जमिनीचे दस्त जेथे नोंदले जातात त्या कोणत्याही कचेरीबाहेरच्या बाकावर घटकाभर बसावे. हक्कसोडपत्रासाठी आणलेल्या बहिणी तेथे ओळीने बसलेल्या असतात. भाऊ एरवी कधी नव्हे इतक्या अगत्याने चहा-वडापाव पुरवीत असतो. दस्तात 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व विनामोबदला' असे छापलेले असते. आणि भाताच्या लावणीने रेषा झिजून गेलेला अंगठा यंत्राला वाचता येत नाही म्हणून कारकून तो पुन:पुन्हा पदराला पुसावयास सांगत असतो. ज्या शेतात तो अंगठा झिजला त्याच शेतावरचा हक्क सोडण्यासाठी तो उमटवावयाचा असतो, आणि तो एकदा उमटला की संध्याकाळी एक साडी आणि दुसऱ्या दिवशी दलालाचे टोकन, असा हा क्रम आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा दिला. कायद्याने दिले आणि भावाने नेले. आणि मग त्याच घरातला मुलगा, आत्याच्या सहीची शाई वाळली न वाळली तोच, चमकी लावून लिहितो की थोर स्त्रियांच्या यशात पुरुषांचा सिंहाचा वाटा असतो! जळो तो सिंह. एकूण मिळकतच ज्याच्या घशात गेली, त्याला आणखी वाटा कसला द्यावयाचा?

असो. मुलांवर रागावण्यात अर्थ नाही, कारण मुले गुणपत्रक पाहून लिहितात, आणि त्या गुणपत्रकात मुखपृष्ठ, सजावट, चित्रे, मांडणी आणि समारोप असे पाच रकाने असून मजकुराची रुजुवात घेण्यास रकाना नाही.

या गठ्ठ्याच्या तळाशी आम्हांला एक प्रकल्प सापडला, आखीव कागदावर, निळ्या शाईत, चमकीविना. विषय रायबाघन. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगली फौज बोरघाटाच्या आसपासच्या वाटेने कोकणात उतरत असता शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत कोंडले, तेव्हा खानाबरोबर असलेल्या माहूरकर देशमुखांच्या या बाईने त्याला हट्ट सोडून शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यानेच फौज जिवानिशी सुटली. ही खिंड खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ आहे. मुलीने तेथे जाऊन नकाशा काढला होता. वाट कोठे इतकी अरुंद होते की घोडा मागे वळू शकत नाही ते फुलीने दाखविले होते. आणि तहानेने फौजेचे हाल झाले असे वाचल्यामुळे, माघात तेथील कोणत्या ओहोळाला पाणी टिकते आणि कोणत्याला नाही, हे एका गुराख्याला विचारून लिहून ठेवले होते. एका बाईने हरलेली लढाई वेळेत ओळखली, याला मुत्सद्देगिरी म्हणतात, असे तिचे म्हणणे होते. समारोप नव्हता. शेरा असा: 'यादीबाहेरील विषय. शत्रुपक्षातील स्त्री. पतीविषयी माहिती नाही. सजावट नाही. ७/२०.'

मुख्य परीक्षकांस आमची विनंती एवढीच की या मुलीच्या कापलेल्या तेरा गुणांची फेरतपासणी व्हावी. ते कोठून आणावयाचे अशी अडचण पडल्यास रखमाबाईंवरील प्रकल्पाच्या अठरा गुणांतून ते वळते करून घ्यावेत; दादाजी भिकाजींची बाकी १८८८ सालीच चुकती झालेली आहे.