भावकीतून वेगळा निघालेला कॉम्प्युटर

तलवाड्यात फायबर आलं खांबाखांबावरून, पण आमच्या घरात आलं ते आईमुळे. थोरला भाऊ आणि वहिनी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. लेकरं आईजवळ राहतात आणि संध्याकाळी फडातून व्हिडिओ कॉल येतो. मोबाइलच्या रेंजवर वहिनीच्या तोंडाचे इतके चौकोनी तुकडे व्हायचे, की आईला दर वेळी शंका यायची, हिचं काय दुखतंय खुपतंय का. शेवटी वायफाय घेतलं.

घर माळवदाचं, भिंती दोन हात रुंद. वैशाखातलं ऊन ज्या भिंती आत येऊ देत नाहीत, त्या वायफायला कशाला येऊ देतील? राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वाटांनी बोलतो. त्यातली ५ ची वाट वेगवान, पण भिंत दिसली की आधी तीच मान टाकते. ओसरीत राउटर, माजघरात आई, मधे आजोबांनी बांधलेली भिंत. म्हणून मी केबल ओढायची ठरवली.

या केबलच्या पोटात आठ तारा. टोकाला क्लिप बसवताना त्या ठरलेल्या क्रमानंच लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. बाकीच्या जोड्या शेजारी शेजारी, हिरवीची मात्र ताटातूट आणि मधे निळी बसलेली. जुन्या टेलिफोनची जोडी मधल्या दोन जागांवर असायची, ती तशीच राहावी म्हणून हिरवीला दोन्हीकडे सरकावं लागलं. मधला तुकडा पहिल्यापासून कसणाऱ्याचा. बाकीच्यांनी बांधावरून जायचं. वाटणी ज्यानं केली तो आमच्याच तालुक्यातला असावा.

आणि घरचं नेटवर्क ही भावकीच असते. जगात इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून जाणत्यांनी १९९४ साली काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले. म्हणून १९२.१६८ हे आडनाव तलवाड्यातल्या माझ्या लॅपटॉपलाही आहे आणि टोरांटोतल्या कुणाच्या फ्रिजलाही, पण त्यांचं नातं काही नाही. घरात ज्याला त्याला वेगळा आकडा, पण गावाला दिसतो तो कारभारी, म्हणजे राउटर. बाहेरचा निरोप त्याच्याकडे येतो, कुणी काय मागवलं होतं ते त्याच्या वहीत असतं, तो ज्याचं त्याला पोचवतो. कारभाऱ्याचा स्वतःचा पासवर्ड बहुतेक घरांत डबीतून निघाला तोच राहतो. तो मी आधी बदलला. चौकात बसणाऱ्या पोरांना तो पाठ असतो.

हे सगळं सुरळीत झालं आणि मग लोकांची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली.

तो माझ्या पोटापाण्याचा. मी लग्नपत्रिका कंपोज करतो. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. एक्सपीची नेहमीची दुरुस्ती कंपनीनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. म्हणजे हा गडी बाहेर पडला आणि कुणी दगड मारला, तर मलमपट्टी करायलाही कुणी नाही. म्हणून केबल त्याच्यापर्यंत नेली नाही.

नाना, म्हणजे माझे चुलते, आले आणि मागचं रिकामं भोक बघून खाली बसले. "आरं, ह्याला कामून तोडलंय? भांडण झालं का काय?"

आमच्याकडे कुणी वेगळं राहतो म्हणलं की आधी भांडण शोधतात. मी सांगितलं, भांडण नाही, त्याच्या भल्यासाठीच. नानांनी मान हलवली. वाटण्या झाल्या तेव्हा सगळे हेच म्हणत होते. त्यानंतर जो आला त्यानं त्या यंत्राची कीव केली. कनेक्शनवाल्या पोरानं तर सोयीच सुचवल्या: राउटरातून त्याला बंदी घालू, नुसता आतला पत्ता देऊ, बाहेरची वाट देऊ नको. मी म्हणालो, वायरच नसली तर बंदीही नको आणि वाटही नको. त्याला ते फारच अडाणीपणाचं वाटलं.

त्या कॉम्प्युटरात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथं पंचक्रोशीतल्या भावक्या आहेत. वर 'श्री त्वरिता देवी प्रसन्न', खाली निमंत्रक, मग आपले नम्र, मग लेकरांची किलबिल. आणि कुणाचं नाव कुणाच्या वर, हे आधीच्या लग्नात रुसवेफुगवे होऊन ठरलेलं. पुढच्या लग्नाला तीच फाइल उघडायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि सोडवणुकीचे ३०० डॉलर मागितले. तीनशे डॉलर एखाद्या मुकादमाकडून उचल घेऊनही भरता येतील. पण थोरल्या आत्याच्या मालकांचं नाव गहाळ झालं तर ते कुठल्या चलनात भरायचं?

आणि वायर तोडली म्हणजे निभावलं असंही नाही. इराणात नतान्झला युरेनियमचा कारखाना आहे. तिथली यंत्रं इंटरनेटला जोडलेलीच नव्हती, तरी स्टक्सनेट नावाचा किडा आत गेला आणि गरगर फिरणारी यंत्रं बिघडवून बसला. २०१० साली हे उघडकीला आलं. तो पेनड्राइव्हवर बसून गेला असं मानतात. नतान्झमध्ये कसला पेनड्राइव्ह होता मला ठाऊक नाही. आमच्याकडचा आधी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या टेपमध्ये गाणी वाजवतो, मग झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड छापायला जातो, तिथून वरातीच्या डीजेकडे, आणि मग नवरदेवाचा फोटो घेऊन माझ्या दारात. तोपर्यंत त्याच्यात 'न्यू फोल्डर' नावाचा, फोल्डरचं सोंग घेतलेला व्हायरस घरजावई झालेला असतो.

म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह आत नाही. फोटो लॅपटॉपवर तपासून कोऱ्या सीडीवर घ्यायचा. सीडी लिहून बंद केली की तिच्यावर परत काही चढत नाही. ती आत जाते आणि काही न उचलता बाहेर येते. भावकीतल्या पाहुण्यांना हा गुण लागता तर काय पाहिजे होतं! कोऱ्या सीडी मात्र आता गेवराईतही विचारून विचारून मिळवाव्या लागतात.

नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि तिचा तर या यंत्राला काही उपयोगच नाही. मोबाइलची मराठी युनिकोडची, श्रीलिपीचे जुने फॉण्ट त्याच्या आधीच्या रीतीचे. म्हणून मोबाइल डाव्या हाताला ठेवून सगळी भावकी मी बोटांनी पुन्हा टाइप करतो. बाहेरचं जग आणि ते यंत्र यांच्यात जी काय केबल आहे ती मी. बायको म्हणते, "मग तुमचाच पासवर्ड बदला एकदा. कुणी चहा पाजला की उघडता."

ती उगाच बोलत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, माणसं गावाकडे परतली, की लग्नं सुरू होतात. परवा नाना नातीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. माझे सगळे नियम ऐकून असल्यानं त्यांनी पेनड्राइव्ह आणला नाही, मोबाइलही काढला नाही. लाइट बिलाच्या पाठीमागे पेनानं लिहिलेली नावं पुढे केली.

"हे चालतंय ना तुझ्या कॉम्प्युटरला?"

चालतंय म्हणलं. फाइल केली, प्रूफ काढलं, नानांनी चष्मा लावून सही केली. रात्री अकराला धाकट्या चुलत्यांचा फोन. प्रमुख उपस्थितीत एका पुढाऱ्याचं नाव घालायचं होतं, आणि नानांचं नाव एक ओळ खाली.