कॉफीची वहिवाट

दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघडपणे, अखंड आणि बिनहरकत कब्जा राखणाऱ्या इसमास कायदा जसा अखेरीस त्या जमिनीचा मालक मानतो, तसाच कॉफीत शिरलेला प्रत्येक दोष, पिणाऱ्यांनी मुदतीत हरकत न घेतल्यामुळे, कालांतराने गुण म्हणून दप्तरी दाखल होतो, असा माझा पुष्कळ वर्षांचा सिद्धांत आहे. हयात महसूल खात्यात गेल्यामुळे मला जिकडेतिकडे कुळे आणि कब्जेदारच दिसतात, असा आक्षेप या सिद्धांतावर माझ्या घरातूनच घेतला जातो; परंतु ज्याने कॉफीची जुनी प्रकरणे थोडीफार चाळली असतील, त्याला हा आक्षेप फेटाळण्यास फारसे सायास पडणार नाहीत.

आमच्या घरात कॉफी हा चहाप्रमाणे नित्याचा व्यवहार कधीच नव्हता. चहा कोणालाही मिळे. कॉफी मिळण्यासाठी मात्र माणूस व्याही असावा लागे, नुकताच तापातून उठलेला असावा लागे, एकादशीचा उपाशी असावा लागे किंवा निदान परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा तरी असावा लागे. म्हशीचे दूध मंद आचेवर ठेवून चांगले आटवावे, साखर सढळ हाताने घालावी, कॉफीची पूड दुधाचा रंग बदलल्याचा संशय यावा इतपत टाकावी आणि उतरवताना जायफळ किसणीवरून दोनदा फिरवावे, ही आमच्याकडील पद्धत. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने झोप येते, ही गोष्ट घरातील सर्वांस ठाऊक असूनही या दोन परस्परविरोधी पक्षकारांना एकाच पेल्यात नांदवण्यात कोणाला विसंगती वाटत नसे. विद्यार्थी रात्री कोणत्या पक्षाच्या स्वाधीन झाला होता, हे पुढे निकालावरून समजत असे.

या व्यवस्थेस पहिली लेखी नसली तरी स्पष्ट हरकत घेतली ती माझ्या पुतण्याने. तो बंगळूरला संगणकाच्या कंपनीत असतो, आणि गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांहून उपकरणेच अधिक होती : हाताने फिरवायची चक्की, ग्रॅमचा दहावा हिस्साही दाखवणारा काटा, तापमापक, लांब वाकड्या चोचीची किटली, चिनी मातीचे नरसाळे आणि त्या नरसाळ्यात बसवण्याचे कागद. माझ्या पत्नीने केलेली कॉफी त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, पेला खाली ठेवला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, "काकू, बासुंदी उत्तम झालीये. आता मी कॉफी करतो."

त्याच्या कृतीचा तपशील मी शेजारी उभा राहून पाहिला, आणि पंचनामे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसास त्यात आवडण्यासारखे बरेच होते, हे कबूल केले पाहिजे. पंधरा ग्रॅम बिया तोलून त्याने जाडसर दळल्या. दोनशे चाळीस ग्रॅम पाणी, होय, पाणीसुद्धा ग्रॅमवरच, त्र्याण्णव अंशांवर आणले. नरसाळ्यातला कागद आधी गरम पाण्याने धुतला, कारण कागदाची चव कॉफीत उतरता कामा नये. आणि मग पुडीवर थोडेसेच पाणी गोल गोल सोडून तो अर्धा मिनिट स्तब्ध उभा राहिला. त्या अर्ध्या मिनिटात ती पूड घुमटासारखी फुगून आली आणि तिच्यावर बारीक बारीक बुडबुडे फुटू लागले. भाजलेल्या बीमध्ये कोंडलेला कर्बवायू असा बाहेर पडतो. बी ताजी भाजलेली असेल तर पूड अशी फुगते आणि डब्यात महिनोन्महिने पडून शिळी झालेली असेल तर निपचित राहते, असा खुलासा त्याने केला. मालाची प्रत ठरवण्याची इतकी साधी आणि साक्षीपुराव्याची गरज नसलेली कसोटी असताना आपण जन्मभर डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवून पूड विकत घ्यावी, याचे मला खरोखर वैषम्य वाटले.

कॉफी मात्र तांबूस, पातळ आणि आंबट निघाली. मी तसे म्हटल्यावर पुतण्याने पुडक्यावरचा मजकूर वाचून दाखवला. त्यात संत्र्याची साल, मनुका आणि काकवी यांचा उल्लेख होता, कॉफीचा नव्हता. "ही आम्लता म्हणजेच उंचावरच्या अरेबिकाची खूण आहे काका," तो म्हणाला. "चिकोरी, रोबस्टा, जायफळ, हे सगळे दोष झाकायचे धंदे." येथे मात्र मला राहवले नाही आणि मी कॉफीच्या हक्काचे मूळ कागद काढले.

पहिला कागदच संशयास्पद आहे. इसवी सन १६७० च्या सुमारास बाबा बुडन नावाचे सूफी सत्पुरुष मक्केची यात्रा करून परतताना येमेनातील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया अंगावर लपवून घेऊन आले आणि त्या त्यांनी चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरास आजही त्यांचेच नाव आहे. उगवण्याजोगी बी देशाबाहेर जाऊ न देण्याविषयी अरबांचा कटाक्ष होता. तेव्हा सत्पुरुषांविषयी पूर्ण आदर राखूनही, जकातनाक्यावर बसलेल्या माणसाच्या भाषेत या मालाचे वर्णन कोणत्या शब्दाने करावे लागेल, ते मी येथे लिहीत नाही. ज्या अरेबिकाच्या कुलीनतेच्या जोरावर माझा पुतण्या जायफळास दाराबाहेर उभे करू पाहत होता, तिचा या देशातील प्रवेशच मुळी बिनपरवाना आहे.

रोबस्टाचे प्रकरण त्याहून करुण. सन १८६९ मध्ये सिलोनात कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने तेथील मळेच्या मळे असे उद्ध्वस्त केले की, मळेवाल्यांनी अखेर कॉफीचा नाद सोडून चहा लावला. ज्याला आपण जन्मजात सिलोनी समजतो तो चहा वास्तविक मृताच्या जागी लागलेला अनुकंपा तत्त्वावरील उमेदवार आहे. या रोगास दाद न देणारी, सखल आणि उष्ण जमिनीत वाढणारी, अंगात सुमारे दुप्पट कॅफीन बाळगणारी आफ्रिकेची रोबस्टा पुढे मळ्यांत शिरली ती केवळ आपद्धर्म म्हणून. चवीस कडवट आणि राकट, अशीच तिची ख्याती होती. आज भारतातील कॉफीच्या उत्पन्नात सुमारे सत्तर टक्के हिस्सा तिचा आहे, आणि एस्प्रेसोवर दाट तपकिरी फेस यावा म्हणून इटलीतले कसबी लोक तिला आपल्या मिश्रणात आदराने जागा देतात. आता तिला कोण उठवणार?

परंतु माझ्या सिद्धांताचा खरा आधारस्तंभ म्हणजे मान्सून मलबार. शिडाच्या जहाजांच्या काळी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचायला कित्येक महिने लागत, आणि तेवढ्या अवधीत समुद्राची दमट हवा खाऊन पोत्यांतल्या हिरव्या बिया फुगून फिकट सोनेरी होत आणि त्यांची आम्लता नाहीशी होई. म्हणजे रोखठोक भाषेत बोलायचे तर माल वाटेत खराब होत असे. तिकडच्या गिऱ्हाइकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच माल गोड मानून घेतला. पुढे आगबोटी आल्या, सुएझचा कालवा खुला झाला (त्याचेही वर्ष १८६९ च, कॉफीच्या पत्रिकेत या वर्षी कोणते ग्रह होते कोण जाणे), माल थोड्या आठवड्यांत तजेलदार हिरवा पोहोचू लागला, तेव्हा त्या गिऱ्हाइकांची तक्रार आली की, आमची नेहमीची कॉफी कुठे गेली! मग व्यापाऱ्यांनी काय तजवीज केली? बाजूंनी उघड्या असलेल्या वखारींत, ऐन जूनपासून, मंगळूरकडच्या किनाऱ्यावर या बिया जमिनीवर पसरायच्या, दाताळ्याने वरखाली करायच्या, पोत्यांत सैल भरून ती पोती वाऱ्याच्या तोंडी रांगेने रचायची, पुन्हा ओतायची, पुन्हा भरायची, असे पावसाळा संपेपर्यंत करायचे. कोकणपट्टीवरील यच्चयावत गृहिणी त्याच महिन्यांत पापडांच्या डब्याला ओल लागू नये म्हणून जिवाचे रान करीत असताना, त्याच किनाऱ्यावर काही माणसे ओल नीट लागली की नाही हे रोज तपासत असतात, आणि त्याचा त्यांना वाढीव दर मिळतो. या ओल लागलेल्या मालास आता भौगोलिक मानांकनाची सनदही आहे. शिवाय जी आम्लता घालवण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच आम्लता राहावी म्हणून माझा पुतण्या तापमापक घेऊन फिरतो. दोघेही आपापल्या पेल्यास उत्तम प्रत म्हणतात, आणि दोघांचाही कब्जा जुना आहे.

चिकोरीविषयी फार लिहीत नाही. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजांच्या व्यापाराची नाकेबंदी केली, त्यात फ्रान्सला कॉफी मिळेनाशी झाली, लोकांनी एका रोपाची मुळे भाजून कॉफीत मिसळली आणि नाकेबंदी उठल्यावरही मुळे काही उठली नाहीत. आपल्याकडे मुंबईत १८८८ मध्ये पेस्तनजी एडलजी नावाच्या पारशी गृहस्थांनी जो कॉफीचा धंदा काढला, त्यातली ‘पोलसन फ्रेंच कॉफी’ याच मिश्रणाची. त्यांचे लोणी पुढे इतके गाजले की, कॉफीचे नाव मागे पडले. आजच्या कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी पाहिजे. म्हणजे कॉफीला कॉफी म्हणवून घेण्यासाठी निव्वळ बहुमत पुरते. माटुंग्याच्या कोणत्याही जुन्या उडप्याकडे जाऊन पाहावे : भोकाभोकांच्या वरच्या भांड्यातून थेंब थेंब गळणारे पाणी चिकोरीमुळे अधिक सावकाश उतरते, अर्क दाट होतो, आणि तो उकळत्या दुधात मिसळून पेल्यातून वाटीत व वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतला गेला की, फेस शिल्लक असेपर्यंत तरी शुद्धाशुद्धतेचा विचार करण्याइतका वेळ कोणाला नसतो. ही कॉफी माझ्या मते सर्व कॉफ्यांत श्रेष्ठ आहे. यावर अपील चालणार नाही.

पुतण्याने हा सारा युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला. त्याने एवढेच विचारले की, सरकारने तरी मालाची प्रत राखली असेल ना? मी त्याला सांगितले की, कॉफी मंडळाच्या १९४२ च्या कायद्यानुसार मळेवाल्यांना आपला माल मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावा लागे, आणि ज्याने जिवापाड जपून एकेक पिकले फळ हाताने तोडले त्याचा माल, ज्याने फांदी ओरबाडली त्याच्या मालाशेजारी जाऊन बसे. ही व्यवस्था नव्वदीच्या दशकात मोडेपर्यंत या देशात आपल्या विशिष्ट मळ्याचे नाव पुडक्यावर छापून संत्र्याच्या सालीची जाहिरात करणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हे ऐकून तो प्रथमच काहीसा हळवा झाला. एखाद्या फळात दोहोंऐवजी एकच बी धरली जाते, ती चपटी न राहता गोल होते. हे वस्तुतः अपुऱ्या फलधारणेचे लक्षण असून त्याच गोल बीला ‘पीबेरी’ म्हणून वेगळे काढून जास्त दाम घेतात, ही माहिती त्याने आपण होऊन माझ्या बाजूने पुराव्यात दाखल केली.

तेव्हा मी अर्ज सादर केला. आमच्या घराण्यात जायफळाचा कॉफीवरील कब्जा निदान तीन पिढ्यांचा, उघड, अखंड आणि बिनहरकत आहे. सबब त्यास दोषाऐवजी गुणाच्या सदरी घ्यावे. पुतण्याने विचार केला आणि अर्ज तत्त्वतः मान्य करून प्रमाण मुक्रर करण्याची अट घातली. किती ग्रॅम?

"दोनदा फिरवायचं," माझी पत्नी म्हणाली.

"पण काकू, दोनदा म्हणजे किती?"

तिने उत्तर न देता डबीतले जायफळ काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते काट्यावर ठेवून वजन टिपले, तिने ते किसणीवरून पेल्यावर दोनदा फिरवले, त्याने पुन्हा काट्यावर ठेवले. दशांश ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या त्या काट्याने दोन्ही वेळा एकच आकडा दाखवला. त्याने काटा पुसला, शून्यावर आणला आणि पुन्हा तोलून पाहिले, आणि मग आपल्या वहीत, कॉफी, दूध व साखर यांच्या आकड्यांखाली, नेटक्या अक्षरात नोंद केली : जायफळ, ०.० ग्रॅम, वगळू नये.