विचारतंय, रिपेअर करू का?

आमच्या सोसायटीत बिल्डर निवडीची विशेष सभा. गच्चीवर मांडव, भाड्याच्या खुर्च्या, पडदा म्हणून इस्त्री केलेली पांढरी चादर. वेळ सहाची, म्हणजे साडेसहाची. पावणेसातला बिल्डरच्या कन्सल्टंटने पेनड्राइव्ह लावला आणि चादरीवर इंग्रजीत एक वाक्य उमटलं. मजकुरात काहीतरी बिघाड आहे, दुरुस्तीचा प्रयत्न करू का?

इमारत एक्केचाळीस वर्षांची. हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता.

कन्सल्टंटने ‘रिपेअर’ दाबलं. निळं वर्तुळ गरगरलं आणि दुसरं वाक्य आलं, फाइल वाचता येत नाही. आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचंही हेच झालं होतं. फरक इतकाच, की तिथे हे वाक्य यायला तीन पावसाळे लागले आणि बिल आधी आलं.

मग सल्ले सुरू झाले. फाइल उघडत नसली की माणसांची तोंडं आपोआप उघडतात.

‘बंद करून चालू करा!’ हे तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते टीव्हीलाही हेच सांगतात, लिफ्टलाही आणि पंपाच्या मोटरलाही. पंपाच्या बाबतीत ते दोनदा बरोबर ठरलेत, तेव्हापासून त्यांना आवरणं अवघड झालंय. लॅपटॉप बंद झाला. चालू होताना त्याला नेमके अपडेट्स आठवले.

‘दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघा.’ आले, तीन लॅपटॉप आले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चारही यंत्रांनी एकच उत्तर दिलं. सोसायटीच्या आवारात इतकं एकमत गणपतीच्या वर्गणीवरसुद्धा झालेलं नाही.

‘नावातला शेवटचा एक्स काढा, पीपीटीएक्सचं पीपीटी करा, जुन्या पद्धतीने उघडेल.’ लोअर परळला अप्पर वरळी म्हटलं म्हणून रस्ता रुंद झाला का?

एक सल्ला मात्र खरोखर कामाचा होता. मेलने आलेल्या फाइलवर विंडोजचा संशय असतो. ती अडली तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करायची, की कित्येकदा सुटते. पण ही फाइल मेलने आलीच नव्हती. शहाणा सल्ला हा असाच येतो, चुकीच्या आजाराला बरोबर औषध.

आणि हो, पेनड्राइव्हवर दुसरीही एक फाइल होती. नाव तेच, पुढे एक वळवळती रेघ आणि डॉलरचं चिन्ह. ‘ही बॅकअप असेल!’ कन्सल्टंटचा चेहरा उजळला. आकार जेमतेम एक केबी. ही कसली बॅकअप? मूळ फाइल कुठेतरी उघडी असताना ‘आत कोणीतरी आहे’ एवढंच सांगणारी ती पाटी. संडासाच्या कडीला कोणी संडास म्हणतं का?

तोवर मागच्या रांगेतून आवाज आला. ‘अहो, कार्पेट किती मिळणार तेवढं तोंडी सांगा की.’

‘स्लाइड सतरावर आहे.’

‘आणि भाडं?’

‘एकवीसवर.’

हा माणूस सहा महिने आमच्या इमारतीवर काम करतोय. त्याच्या डोक्यात फक्त पानांचे नंबर.

या स्लाइड ज्यात बनतात त्या पॉवरपॉइंटचा जन्म १९८७चा, फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीतला. मूळ नाव प्रेझेंटर. ते दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेलं निघालं, म्हणून बदललं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक कोटी चाळीस लाख डॉलर मोजून अख्खी कंपनी घेतली. पहिल्या आवृत्तीचं काम साधं होतं. काळीपांढरी पानं छापायची, ती पारदर्शक कागदावर उतरवायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. त्या कागदाचे अपराध काय? फार तर उलटा लागायचा. मग समोरचे ‘उलटं, उलटं’ ओरडायचे आणि मास्तर तो फिरवून ठेवायचे.

एवढ्या तांत्रिक साहाय्याने वर्षानुवर्षं भागलं.

सव्वासात. वडे गार. निबंधक कार्यालयातून आलेले अधिकारी तिसऱ्यांदा घड्याळ बघतात. ४ जुलै २०१९ च्या शासन आदेशानुसार या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत. आम्ही अठ्ठेचाळीस, म्हणजे बत्तीस हवेत, होतेही बत्तीसच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कुकर आठवला. सेक्रेटरींनी त्यांना हात जोडून बसवलं. एका इमारतीचं भवितव्य वरणाच्या शिट्टीवर टांगलेलं होतं.

मग बी विंगमधली मुलगी उठली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अर्ध्या तासात कोणालाही न सुचलेला प्रश्न विचारला.

‘ऑफिसमधली फाइल किती एमबीची होती, सर?’

कन्सल्टंटने फोन लावला. साठ. पेनड्राइव्हवर किती? अडतीस.

निघायची घाई होती म्हणे. कॉपीची हिरवी पट्टी अर्ध्यावर असतानाच पेनड्राइव्ह उपटला. या घाईच्या माणसाने आम्हाला छत्तीस महिन्यांत ताबा द्यायचाय.

आता गंमत ऐका. पीपीटीएक्स ही फाइल नसतेच मुळी. ते गाठोडं असतं. ऑफिसच्या २००७च्या आवृत्तीपासून ही पद्धत आली. वर फाइलचं नाव, आत चक्क झिप. नोटपॅडमध्ये उघडून बघा, अगम्य चिन्हांच्या डोक्यावर पहिली दोन अक्षरं दिसतील, पी आणि के. आमिर खानचा संबंध नाही. झिप ज्याने आणलं त्या फिल काट्झची ती आद्याक्षरं. या गाठोड्यात काय कुठे ठेवलंय याची यादी असते, आणि ती असते सगळ्यात शेवटी. शेपूट तुटलं की यादी गेली, यादी गेली की पॉवरपॉइंट हात वर करतं. माल बराचसा आत तसाच पडलेला असतो.

कागदपत्रं कपाटात आणि किल्ली जुन्या सेक्रेटरीकडे. ओळखीचं वाटलं ना?

मुलीने आपल्या लॅपटॉपवर सेव्हन-झिप चालू केलं. हे प्रोग्रॅम यादी नसली तरी पुढून एकेक पुडी चाचपत जातात. ‘फाइल अचानक संपतेय’ अशी कुरकुर करून त्याने काही फोल्डर काढून दिले. स्लाइड्सचा मजकूर गाठोड्यात पुढे होता, तो वाचला. चित्रं मागे होती, ती गेली. म्हणजे काय काय गेलं? चाळीस मजली काचेचा टॉवर गेला. त्याच्या पायाशी निळाशार तलाव आणि त्यात डुंबणारं एक गोरंपान कुटुंब होतं म्हणे, तेही गेलं. ते कुटुंब आमच्या इमारतीत कधी राहायला येणार होतं, देव जाणे.

चादरीवर कोनाकृती कंसांची रांगोळी आली. मधून मधून शब्दांचे तुकडे. मुलगी कंस वगळून सतरावी स्लाइड वाचू लागली.

‘प्रत्येक सभासदास... कार्पेट क्षेत्रफळ... सहाशे वीस चौरस फूट.’

टाळ्या. कन्सल्टंटसुद्धा हसला.

‘थांबा, पुढे आहे. तारांकित. बाल्कनी धरून. अंतिम मंजुरीनुसार बदलास पात्र.’

टाळ्या थांबल्या. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ आहे.

‘हे कुठे लिहिलंय?’ तिसऱ्या मजल्यावरचे काका.

‘त्याच स्लाइडवर, काका. सहाशे वीसपुढे आकार ४४०० दिलाय, म्हणजे चव्वेचाळीस पॉइंट. याच्यापुढे ८००.’

‘म्हणजे?’

‘आठ.’

आठ पॉइंटचं अक्षर, गच्चीवरची चादर, समोर साठीपुढची मंडळी. फाइल धड उघडली असती तर ती ओळ मुंगीएवढी दिसली असती, आणि मुंगीकडे कोण बघतं? कंसांच्या त्या जंगलात मात्र सगळी अक्षरं सारख्याच उंचीची होती.

कन्सल्टंटने घाम पुसला. ‘ही फाइल करप्ट आहे. उद्या सकाळी सगळ्यांना नवीन पाठवतो.’

‘नवीन नको,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘हीच पाठवा.’